नव्वद दिवसांची आजी

आजीला एक्स्पायरी डेट असते, ही गोष्ट सातारा-सांगलीकडच्या माणसाच्या पचनी पडत नाही. आपल्याकडे आजी कशी, तर घराच्या उंबऱ्यासारखी. ती असतेच. कधी आली, कधी जाणार, असले प्रश्न तिला कुणी विचारत नाही. युरोपचा व्हिसा मात्र विचारतो. शेंगेन देशांचा नियम असा, की बाहेरून आलेल्या पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. मग तो पाहुणा किल्ले बघायला आलेला असो, नाहीतर नातीला न्हाऊमाखू घालायला. एक्क्याण्णवाव्या दिवशी आजी बेकायदा!

बाकीच्या देशांचा हिशेब वेगळा. अमेरिकेत व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना साधारण सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो. ब्रिटनमध्येही जास्तीत जास्त सहाच महिने. कॅनडानं २०११च्या डिसेंबरात आईवडील आणि आजी-आजोबांसाठी खास 'सुपर व्हिसा' काढला, त्यावर आता एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. थोडक्यात काय, तर बाळ कुठल्या देशात जन्माला येतंय त्यावर त्याच्या वाट्याला आजी किती येणार, हे ठरतं.

हे आज लिहायचं कारण म्हणजे माझ्या ओळखीतल्या तीन जोडप्यांपुढे सध्या ऑनसाइटची ऑफर आहे आणि तिन्ही घरांत दोन वर्षांच्या आतलं मूल आहे. आम्ही पाच वर्षं तिकडं राहून आलोय म्हटल्यावर मंडळी फोन करतात. पगार हातात किती पडतो, भाडं किती, इंडियन स्टोअर किती लांब, कुकर न्यायचा की तिकडं मिळतो? सगळं विचारून होतं. एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. आजी परत गेली, की दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मूल कुणाच्या हातात द्यायचं?

आमचं थोडक्यात सांगते. माझं माहेर सातारा, सासर सांगली. मधे जेमतेम सव्वाशे किलोमीटर आणि एक कृष्णा नदी. साताऱ्याजवळ माहुलीच्या संगमावरून गेलेलं पाणी पुढं सांगलीच्या घाटावर जातं, तशीच मीही गेले. नवरा सांगलीच्या वालचंद कॉलेजचा इंजिनिअर. २०१४ ते २०१९ आम्ही दोघंही जर्मनीत, श्टुटगार्टला नोकरीला होतो. २०१६च्या फेब्रुवारीत आमची थोरली तिथं जन्मली.

आता कुणी म्हणेल, परमुलखात संसार करणं ही काय आजची गोष्ट आहे? नाहीच. आमच्या दोन जिल्ह्यांना तर ते चांगलंच ठाऊक आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावातच 'मिलिटरी' आहे, कारण तिथं घरटी कुणी ना कुणी फौजेत. पाटण-जावळीकडचा गडी मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत जायचा. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. आणि विट्याचे गलाईवाले! खानापूर, आटपाडी, इकडं खटाव, माण हा सगळा कायम पाण्यावाचून तळमळणारा पट्टा. तिथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात शिरली आणि मूस-भट्टी घेऊन देशभर पांगली. तमिळनाडूतल्या एखाद्या गावी सराफ बाजाराच्या मागच्या गल्लीत शिरा, माणदेशी मराठी कानावर पडण्याची दाट शक्यता. त्यांची पोरं रस्त्यावर तमिळ बोलतात, घरात मराठी आणि यात्रेला गावी आली की दोन्ही.

पण एक फरक आहे. फौजेतला बाप किंवा मुंबईतला बाप जायचा तेव्हा तो एकटा जायचा. पाळणा गावीच राहायचा. पोराला बाप वर्षातून महिनाभर दिसायचा, पण आजी, चुलती, शेजारची काकू, पारावरचे म्हातारे हा सगळा गोतावळा जागेवर असायचा. गलाईवाल्यानं पुढं बिऱ्हाड नेलं, तरी दुकानाशेजारी गावचीच चार घरं असायची. पोराला ताप आला तर दार ठोठावायची सोय होती. आता आपण पाळणाच उचलून नेतो आणि गोतावळा मागं ठेवतो. आईबाप दोघंही घरात, आणि बाकी कुणीच नाही. हे आमच्या आजी-पणजीनं कधी केलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडून शिकायचीही सोय नाही.

तर आई-बाबा जानेवारीच्या अखेरीस आले. लवकर अंधारून येणारे ते दिवस. आईनं बॅगेत सांगलीची हळद, खारीक, डिंक, अळीव असं सगळं आणलं होतं. कंदी पेढे मात्र मीच आणू दिले नाहीत, कारण युरोपात प्रवाशाच्या सामानातून बाहेरचे दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. नातीच्या बारशाला साताऱ्याची आजी आली आणि पेढा नाही, ही खंत बाबांना अजून आहे. पुढं धुरीचा बेत निघाला. ओवा-बाळंतशोपा टाकून बाळाला शेक द्यायचा तर निखारे हवेत, आणि आमच्या फ्लॅटच्या प्रत्येक खोलीत छताला स्मोक डिटेक्टर. आईनं त्याच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि गरम पाण्याच्या पिशवीवर तह केला.

तिकडची एक गोष्ट मात्र आईला मनापासून आवडली. 'हेबामे', म्हणजे तिथली सुईण. बाळंतपणानंतर ती घरी येते, पहिले दहा दिवस तर रोज यायची सोय असते आणि खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. बाळाचं वजन, आईचे टाके, दूध नीट येतंय का, हे सगळं ती बघते. आमची हेबामे तेलमालीश पाहून खूश झाली, गुटीची सहाण पाहून मात्र थांबली. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही आणि वर्षाच्या आत मध तर अजिबात नाही, हे तिनं हातवारे करून आईला समजावलं. आई म्हणाली, "ही गुटीवरच वाढलीये." मी भाषांतर केलं. दोघींनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू निकाल माझ्या तब्येतीवरच लागणार होता! शेवटी सहाण कपाटात गेली.

एप्रिलच्या अखेरीस आई-बाबांचे नव्वद दिवस भरले. मग मे महिन्यात सांगलीची जोडी आली.

कागदावर हे गणित झकास बसतं बघा. दोन आज्या, प्रत्येकीचे नव्वद दिवस, मग पुन्हा पहिलीचा नंबर. वर्ष पूर्ण! माझ्या ओळखीतल्या कित्येकांनी अशी एक्सेल शीट केलेली आहे. अमेरिकेत तर सहा-सहा महिन्यांचे दोनच रकाने, काम आणखी सोपं. पण आजी म्हणजे शिफ्टला येणारा माणूस नव्हे. तिचे गुडघे असतात, आजोबांचं बीपी असतं, मागं शेतात हळद काढायला आलेली असते, घरात दुसऱ्या मुलाचं लग्न ठरत असतं. साठी उलटलेल्या माणसाचा किमान ३० हजार युरोंचं कव्हर असलेला प्रवासी विमा काढायचा, तर तो फॉर्म भरतानाच आपल्याला घाम फुटतो.

आणि मुख्य म्हणजे ती तिथं एकटी पडते, राव. आपण दोघं सकाळी बाहेर. तिला भाषा येत नाही, शेजारी 'हॅलो'च्या पुढं जात नाही, रविवारी दुकानं बंद. साताऱ्यात माझी आई भाजी आणायला निघाली की तासाभरानं परत येते, कारण वाटेत सात जणींशी बोलणं असतं. श्टुटगार्टला ती दहा मिनिटांत परत यायची. दुपारी बाळ झोपलं की खिडकीशी बसून ट्रॅम मोजायची. एकदा मला म्हणाली, "छान आहे गं तुझं गाव. फक्त माणसं कुठं ठेवलीत?" नात मांडीवर आहे म्हणजे आजीचं सगळं भरून पावलं, असं आपण सोयीनं समजतो. तसं नसतं.

ऑगस्ट आला. सांगलीकरांचा मुक्काम संपायला आठवडा उरला होता. एका रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी विषय काढला. "बाळाला आमच्याकडं द्या. वरीसभर सांभाळतो. तुम्ही निवांत नोकऱ्या करा. चालायबोलायला लागली की आणून सोडतो."

हे त्यांनी उगाच बोलायचं म्हणून काढलेलं नव्हतं. त्यांनी सगळा विचार केला होता. सांगलीत घर मोठं, जाऊबाई हाताशी, डॉक्टर गल्लीत. माझा नवरा स्वतः लहानपणी दोन वर्षं तासगावला आजोळी वाढलेला. त्याचं काय बिघडलं? गलाईवाल्यांच्या घरांतून तर पोरं शाळेसाठी गावी आजीपाशी राहणं हे नेहमीचंच. अमेरिकेतली चिनी कुटुंबंही तान्ही बाळं आजी-आजोबांकडं चीनला पाठवतात, त्यावर तिकडं संशोधन झालंय, त्या मुलांना 'सॅटेलाइट बेबीज' असं नावही आहे.

चार रात्री आम्ही दोघं बोलत होतो. पैशाचं गणित पाठवण्याच्या बाजूनं होतं. माझ्या नोकरीचं गणितही त्याच बाजूनं. विरुद्ध बाजूला एकच गोष्ट होती. वर्ष आपल्यासाठी वर्ष असतं. सहा महिन्यांच्या बाळासाठी ते त्याच्या आत्तापर्यंतच्या आयुष्याच्या दुप्पट असतं. त्या वर्षात ती आजीला आई समजणार, आणि तेच बरोबरही असणार. मग दीड वर्षाची झाली की आपण जाऊन तिला त्या माणसापासून तोडून आणणार. म्हणजे तुटणं एकदा नाही, दोनदा. आधी आमच्यापासून, मग आजीपासून. दुसऱ्यांदा तर ती पुरती समजत्या वयात आलेली असणार.

आम्ही नाही म्हणालो. सासूबाई म्हणाल्या, "आमच्यावर भरवसा न्हाई व्हय?" नवऱ्यानं पुष्कळ समजावलं. उरलेले तीन दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता. जाताना त्यांनी जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ पाळण्यात अंथरली आणि बाळाकडं न बघता लिफ्टमध्ये शिरल्या.

आम्हाला नाही म्हणता आलं, ते काही आम्ही फार थोर म्हणून नव्हे. तिथला कायदा पाठीशी होता म्हणून. जर्मनीत मुलामागं तीन वर्षांपर्यंत पालकत्वाची रजा मिळते, आईला तशीच बापालाही. त्यातल्या काही महिन्यांसाठी सरकार पगाराच्या साधारण दोन तृतीयांश भत्ता देतं, महिन्याला १८०० युरोंच्या मर्यादेत. दोघांनी मिळून रजा वाटून घेतली, तर हा भत्ता १४ महिने मिळतो. म्हणजे शेवटचे दोन महिने बापानं घरी बसावं, म्हणूनच ठेवलेले. मी वर्षभर घरी राहिले, मग नवऱ्यानं दोन महिने घेतले. सांगलीत बातमी पोचल्यावर पहिला फोन आला, "नोकरी सुटली का रं?" दुसरा फोन मामांचा, त्यांनी थेट बायोडाटाच मागवला.

आपल्याकडे २०१७पासून पहिल्या दोन मुलांसाठी आईला २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. खासगी नोकरीतल्या बापाला मात्र कायद्यानं काहीच नाही, कंपनी देईल ते खरं. आणि अमेरिकेत देशपातळीवरचा कायदा १९९३चा. त्यात १२ आठवडे मिळतात आणि तेही बिनपगारी. म्हणून म्हणते, ऑफर लेटरमधल्या आकड्याआधी त्या देशाचा हा कायदा वाचा.

वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळणं हा जर्मनीत ऑगस्ट २०१३पासून कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा आहेच असं नाही! पोटात असतानाच नाव नोंदवावं लागतं. आम्हाला मिळाली. तिथं मूल दारात टेकवून पळ काढता येत नाही. पहिले तीन दिवस आई किंवा बाप तिथंच कोपऱ्यात बसून राहतो. चौथ्या दिवशी काही मिनिटं बाहेर जायचं, परत यायचं. मूल सावरलं तर वेळ वाढवायची, नाही सावरलं तर आणखी थांबायचं. नवरा तीन आठवडे त्या बुटक्या खुर्चीवर बसला. शेवटी लेक त्याला स्वतःच टाटा करायला लागली, तेव्हा यालाच रडू आलं.

आता भाषेचं. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकाला भीती असते, की दोन भाषांत मूल गोंधळेल, उशिरा बोलेल. पुष्कळ जण त्यापायी घरात मराठी बंद करतात. असं करू नका. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, हे अभ्यासकांनी पुरतं तपासलंय. एकाच वाक्यात दोन भाषांची मिसळ होते तीही नॉर्मल आहे. आपण सगळे ऑफिसात तेच करतो की! लेकीच्या दोन वर्षांच्या तपासणीला डॉक्टरांनी शब्द किती येतात विचारलं. मी जर्मन शब्द मोजून दबक्या आवाजात वीस म्हणाले. त्या म्हणाल्या, घरच्या भाषेतलेही मोजा. मग भूभू, माऊ, दुदू, आई, आबा, नको, अजून असं करत करत आकडा साठाच्या वर गेला.

आणि व्हिडिओ कॉल? त्याचं असं आहे. पॅट्रिशिया कुल या अमेरिकी संशोधक बाईंनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी काही जणांनी समोर बसून चिनी भाषेत गप्पा मारल्या, खेळले. बारा बैठकांत बाळांचा कान त्या भाषेच्या ध्वनींना तयार झाला. तेच सगळं टीव्हीवर रेकॉर्ड करून दाखवलं, तर शून्य. पुढं २०१४मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांवर दुसरा अभ्यास झाला. त्यात दिसलं, की स्काइपवरचं माणूस खरोखर मुलाला उत्तर देत असेल, तर मूल त्याच्याकडून नवे शब्द शिकतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१६ साली दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीन नको सांगताना व्हिडिओ कॉलला सूट दिली. मतलब, मुलाला फोनवर मराठी बडबडगीतं लावून देणं वेगळं, आणि आजीनं पडद्यातून "ती वाटी मला दे बघू" म्हणणं वेगळं.

आम्ही मग वेळच ठरवून टाकली. तिकडचं आणि इकडचं अंतर उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. आमचा सकाळी सातचा नाश्ता म्हणजे सांगलीची स्वयंपाकाची वेळ. सासूबाई फोन डब्याला टेकवून भाकरी थापायच्या आणि इकडं ही पिठाचा गोळा घेऊन. परिणाम काय झाला? सांगलीकडच्या बायका 'मी जातो', 'मी जेवलो' असं बोलतात, तशीच आमची लेक बोलायला लागली. साताऱ्याची आजी फोनवर ओरडायची, "अगं, जाते म्हण, जेवले म्हण!" जर्मनीत जन्मलेलं पोर आणि घरात भांडण कशावरून, तर सातारी की सांगली! मला त्या भांडणाचा फार आनंद व्हायचा. भाषा पुस्तकातून आली असती, तर असं भांडण झालंच नसतं.

पुस्तकाचीही सोय आहे, बरं का. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकारानं गावोगावी शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालतात. त्यांच्या परीक्षा घेणारं भारती विद्यापीठ काढलं ते सांगली जिल्ह्यातल्या सोनसळच्या पतंगराव कदमांनी. जिथं जाल तिथलं मंडळ आधी शोधून ठेवा. पण मंडळात सहा महिन्यांतून एकदा गणपती भेटतो. दारासमोर भेटणारं माणूस आपल्यालाच शोधावं लागतं. आम्हाला खालच्या मजल्यावरची तुर्की आजी मिळाली. तिला मराठी येत नव्हतं, आम्हाला तुर्की. पण ताप आल्यावर दार ठोठावायला तेवढं पुरलं.

तर जाणाऱ्यांनी जरूर जावं. फक्त आज्यांच्या तारखा मांडायच्या आधी त्यांनाच विचारावं, की तुला यायचंय का, किती दिवस आणि कधी. आणि तिकिटाचे पैसे दोनदा बाजूला काढावेत. एकदा बाळंतपणासाठी आणि एकदा मूल चार वर्षांचं झाल्यावर, जेव्हा आजीला काहीच काम नसेल आणि नातीला ती आठवणीत राहील.

सासूबाई अजूनही कधीतरी म्हणतात, "त्या वर्षी दिली असतीस, तर माझ्या अंगाखांद्यावर वाढली असती." आम्ही घेतलेला निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पण त्यांचं वाक्यही खोटं नाही. म्हणून मी वाद घालत नाही. मे महिन्याच्या सुट्टीची सांगलीची रिझर्व्हेशन्स तेवढी मार्चमध्येच करून टाकते.